मेलो नाही, आलो

३ फेब्रुवारी

चिरंजीव ढब्बू यास आईचे अनेक आशीर्वाद.

चौदा महिन्यांनी लिहिते आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू तोंड वाकडं करशील. खुशाल कर. पण पत्र फाडू नकोस, कारण बातमी तुझीच आहे आणि ती तुला दुसरं कोणी सांगणार नाही. सरकारी कागदावर तू मयत झाला आहेस.

घाबरू नकोस, मीही घाबरलेले नाही. पुढच्या महिन्यात सार्वमत आहे, त्यासाठी मतदारांच्या नव्या याद्या काढून शाळेच्या व्हरांड्यात लावल्यात. शेजारचे शिंपीकाका निघाले होते, त्यांच्याबरोबर मीही गेले. आपल्या घराच्या दोन ओळी आहेत. पहिलीत मी, वय एकाहत्तर. दुसरीत तू, वय सदतीस, आणि तुझ्या नावावरून आडवी रेघ. रेघेपुढे लिहिलंय, मयत. शिंपीकाकांनी ते वाचलं, मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "सिस्टर, कधी झालं हो? आम्हाला कळवायचं तरी." मी म्हटलं, "काका, मलाही आत्ताच कळतंय."

चूक त्या यादीवालीची आहे. जानेवारीच्या अठ्ठावीस तारखेला घरोघरी फिरत आली होती. पंचविशीतली पोर, शाळेत भूगोल शिकवते, पण सध्या वर्ग सोडून दारं वाजवायचं काम तिच्या गळ्यात पडलंय. घाईत होती. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते, हिरवा चष्मा होता, समोरचं काही धड दिसत नव्हतं. तिने फॉर्म पुढे केला, मी सही केली. आता तिने आत काय लिहिलं ते मला कसं कळणार?

तर हरकत घ्यायची मुदत अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत आहे आणि मतदान वीस मार्चला. तू ये, त्या टेबलासमोर उभा राहा आणि "हा काय मी" म्हण. पाच मिनिटांचं काम आहे. बसने नऊ तास लागतात हे मला माहीत आहे, पण मत द्यायचं म्हणून तू किती जिवाचं रान करतोस तेही माहीत आहे. गल्लीतल्या प्रत्येकाला 'मत द्या' म्हणून पिडायचास, आता तुझंच नाव उडालं, ही गंमत बघायला तरी ये.

ऑपरेशनला तू आला नाहीस. शिंपीकाकांनी मला न विचारता तुला फोन केला होता म्हणे, आणि तू "येतो" म्हणालास म्हणे. ते असो. काकांनीच हात धरून नेलं आणि आणलं. आता तुझा फोन बंद लागतो. नंबर बदललास, की फक्त माझाच अडवून ठेवलायस?

जेवणखाण वेळेवर कर. क्रेनवर चढताना पट्टा बांधत जा.

तुझी,
आई


१२ फेब्रुवारी

चिरंजीव ढब्बू,

उत्तर नाही. ठीक आहे. हट्ट कोणाकडून घेतलास हे मला विचारायला नको.

तू येत नाहीस म्हटल्यावर मीच यादीच्या कचेरीत गेले. तिथे जो अधिकारी बसलाय तो माझ्या हातचा निघाला. पायांकडून जन्मला होता. सोळा तास त्याच्या आईला छळलं आणि मला रजेवर जाऊ दिलं नाही. मी त्याला म्हटलं, "साहेब, या जगात आलात तेव्हा पाय पुढे केले होते, आणि आता मागे घेताय होय?" बिचारा लाजला. खुर्ची दिली, पाणी दिलं. पण काम काही केलं नाही.

म्हणाला, "सिस्टर, मयत नाव परत घ्यायचं तर त्या माणसाने स्वतः हजर राहायला पाहिजे. नियमच आहे."

मी म्हटलं, "मेलेल्या माणसाने स्वतः हजर राहायचं?"

"हो."

"असे किती आले आजपर्यंत?"

"अजून कोणी नाही," तो म्हणाला. मग स्वतःशीच जरा हसला आणि हसणं चटकन गिळलं.

तुझा फोटो नेला होता, बंदरात क्रेनच्या पायरीवर बसलेला. त्याने तो हातात घेऊन नीट बघितला आणि म्हणाला, फोटोवरून माणूस आहे की होता हे ठरत नाही. मग कपाटातून फॉर्मच काढून दाखवला. "सिस्टर, आमच्या बाई मनाने काही लिहीत नाहीत. घरच्यांनी सांगितलं तेच लिहिलंय. खाली तुमची सही आहे."

ढब्बू, आता सांगूनच टाकते. पोरीची चूक आहेच, पण सगळी तिची नाही.

तिने विचारलं, "काकू, मुलगा इथेच असतो का?" ऑपरेशनचा राग नाकावर होता. मी म्हटलं, "तो मेला कशाला येतोय इथे!" ती थांबली. एकदम आवाज बारीक करून म्हणाली, "सॉरी काकू, मला माहीत नव्हतं." मला वाटलं तू येत नाहीस म्हणून सॉरी म्हणते आहे. मी म्हटलं, "तू कशाला सॉरी? आईचं नशीब." डोळ्याला पाणी येत होतं, ते ऑपरेशनचं होतं, पण तिला काय ठाऊक. तिने खाली मान घालून लिहायला सुरुवात केली.

आजकालच्या पोरी 'मेला' म्हणून चिडत नाहीत. त्यांच्याकडे मेला म्हणजे मेलाच. आणि माझ्या तोंडात तर तुझं दुसरं नावच ते. गॅलरीतून "मेल्या, जेवायला ये" अशी हाक मारली की खालून ओरडायचास, "मेलो नाही, आलो!" रोज. सगळी गल्ली हसायची. एकदा तापाने फणफणला होतास, मी औषध द्यायला "मेल्या, ऊठ" म्हटलं, तर डोळे न उघडता पुटपुटलास, "मेलो नाही, आलो." मी औषधाचा चमचा धरून तिथेच रडत बसले होते.

म्हणून म्हणते, राग बाजूला ठेव आणि ये. चौदा महिन्यांपूर्वी मी 'चालता हो' म्हटलं, ते काही कायमचं म्हटलं नव्हतं. तू मला विचारलंस कोणाला मत दिलं, मी सांगितलं. तू म्हणालास, "मग पुढे जे होईल त्याला तूही जबाबदार." मला ते झोंबलं. माझं मत माझं आहे, ते मी तुझ्या परवानगीने देणार नाही, यावर मी आजही ठाम आहे. ज्यांना दिलं त्यांनी हॉस्पिटलचं छप्पर दुरुस्त केलं होतं. बारा वर्षं मी बाळंतिणींच्या खाटा गळक्या जागेवरून इकडेतिकडे ओढल्या आहेत. मी छपराला मत दिलं, तू त्याचा कायदा करून ठेवलास.

हो, कायदाही त्यांनीच केला, कळतंय मला. कोणालाही नव्वद दिवस आत ठेवायचं, कारण सांगायचं नाही. तेव्हा मी म्हटलं होतं, ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती. तू म्हणालास, "आई, तूच ना त्या फौजदाराला लेबर रूमच्या दाराबाहेर उभं केलं होतंस?" केलं होतं. कळा देणाऱ्या बाईचा जबाब घ्यायला आला होता. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, या दाराच्या आत सरकार नाही, इथे फक्त ही आणि मी. अडीच तास त्याला बाकावर बसवलं. तू विचारलंस, "मग ते दार आता कुठे गेलं?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी तुला घराबाहेर काढलं.

सोळा दिवस उरलेत. निदान एक फोन कर.

आई


१९ फेब्रुवारी

ढब्बू,

तुझ्या खोलीच्या मालकीणबाईंचं पाकीट आलं. आत माझी दोन्ही पत्रं, न उघडलेली, आणि त्यांची एक चिठ्ठी.

त्या लिहितात, तेवीस जानेवारीला दुपारी तू बॅग घेऊन निघालास. जिन्यात भेटलास, म्हणालास, "उद्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ती बोलणार नाही माझ्याशी, पण दिसायला लागल्यावर समोर कोणीतरी पाहिजे ना." बस स्टँडवर तिघे जण आले. बॅगेत सार्वमताची पत्रकं होती, 'नको' म्हणा अशी. पत्रकं घेतली, तुला घेतलं. बॅग फलाटावरच राहिली, ती कंडक्टरने खोलीवर पोचवली. मालकीणबाई दोनदा चौकशीला गेल्या, तिसऱ्यांदा त्यांना सांगितलं की फार चौकशा करू नका. चिठ्ठीखाली त्यांनी सही केलेली नाही.

बॅगेत सगळ्यात वर एक काळा चष्मा आहे म्हणे, नवा, माझ्यासाठी. पाठवू का, असं विचारलंय त्यांनी.

तू निघाला होतास. यादीवालीला मी "मेला कशाला येतोय" म्हटलं तेव्हा तुला आत टाकून पाच दिवस झाले होते. ऑपरेशनच्या टेबलावर मी मनातल्या मनात तुला लाखोली वाहत होते, तेव्हा तू कुठल्या खोलीत बसला होतास कोण जाणे.

ज्याने काही केलं नाही त्याला कसली भीती, हे वाक्य आता दिवसभर माझ्या मागे लागलंय. भांडी घासताना येतं, दाराला कडी लावताना येतं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. तरी लिहिते, कारण लिहिलं नाही तर मी तुला यादीवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे धरून चालले असं होईल. माझ्या नोकरीच्या डब्यात ठेवते आहे, बिल्ला आणि कात्री असते त्या.

आई


२७ फेब्रुवारी

ढब्बू,

वकीलीणबाई गाठल्या. शिंपीकाकांच्या ओळखीतल्या, वयाने लहान पण डोकं जाग्यावर. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नव्वद दिवसांच्या कायद्यात एकच खिडकी ठेवलीय. माणूस कुठे आहे ते कोर्टाला विचारता येतं. आपण विचारू." मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्या टेबलावरची धूळ पुसून आले.

अर्ज कोर्टाच्या खिडकीवरच अडला. आतल्या माणसाने तुझा मतदार नंबर यंत्रात टाकला आणि अर्ज परत सरकवला. "ही व्यक्ती मयत आहे. मयत व्यक्तीला हजर करा असा अर्ज घेता येत नाही." वकीलीणबाई अर्धा तास भांडल्या. मी माझ्याकडचा कागद पुढे केला, वॉर्डाच्या रजिस्टरची नक्कल. तुझ्या वेळी माझी ड्यूटी होती, ड्यूटीवरच कळा सुरू झाल्या, आणि त्या दिवशी दुसरी सिस्टर एकटीच तीन खाटा सांभाळत होती. म्हणून तू झाल्यावर मी पडल्यापडल्या स्वतःच नोंद केली. मुलगा. नऊ पौंड. लगेच रडला. वेळ, सही. त्या माणसाने नक्कल वाचली आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "बाई, हा जन्माचा पुरावा आहे. ते जन्मले होते हे आम्ही नाकारतच नाही."

वकीलीणबाईंनी ज्यांनी तुला नेलं त्यांना लेखी विचारलं. दोन ओळींचं उत्तर आलं. 'या नावाची कोणतीही जिवंत व्यक्ती आमच्या ताब्यात नाही.' त्यांनी मला ते दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "बघा, खोटंसुद्धा बोलावं लागलं नाही त्यांना."

मग पुन्हा यादीच्या कचेरीत. तिथे, माणूस हजर करा. माणूस ज्यांच्याकडे आहे ते म्हणतात, यादीत बघा. कोर्टही म्हणतं, यादीत बघा. तीन दिवस मी या तीन दारांमध्ये फिरते आहे. कोणी माझ्यावर आवाज चढवला नाही. सगळे बसा म्हणतात, पाणी देतात. फौजदाराला अडवलं तेव्हा मला निदान दार होतं.

यादीवाली पोर काल घरी आली होती. कोणीतरी तिला सांगितलं असणार. दारातच रडायला लागली. "काकू, मी लेखी देते की माझी चूक झाली." तिने दिलंही. अधिकाऱ्याने ते फायलीला लावलं आणि तिला सांगितलं, तुझ्या चुकीची चौकशी होईल, पण नोंद घरच्यांच्या सहीने झालीय, ती राहील. आता तिच्या नोकरीचं काय होतं कोणास ठाऊक. माझ्यामुळे.

माझ्यामुळे म्हणतेय ते उगाच नाही. पहिल्या पत्रात मी तुला सांगितलं की मला दिसत नव्हतं. ते खोटं आहे.

मला दिसत होतं, ढब्बू. दहा वर्षांत दिसलं नव्हतं इतकं स्वच्छ दिसत होतं. पट्टी दुसऱ्याच दिवशी निघाली होती. समोरच्या छपरावरची कौलं मी एकेक मोजत बसायची. फॉर्मवर चार रकाने होते. राहतो, बाहेरगावी, लग्न होऊन गेली, मयत. बाहेरगावीच्या खाली बारीक अक्षरांत विचारलं होतं, कुठे, कोणाकडे, कोणत्या कामासाठी. खूण शेवटच्या रकान्यात होती, ती मी पाहिली. पोरीने काय समजून घेतलंय ते माझ्या लक्षात आलं. "अगं, तसं नाही" हे शब्द तोंडाशी आले होते.

मी बोलले नाही. म्हटलं, असू दे. कळू दे त्याला. एक दिवस मत द्यायला येईल, यादीत रेघ बघेल आणि विचारेल, आई, मी मेलो का गं? मग मी म्हणेन, आईला दिसायला लागलं त्या दिवशी समोर नव्हतास, म्हणून. एवढाच डाव होता माझा. मी त्या रेघेकडे तुझा कान पिळण्यापुरतं पाहिलं. ती रेघ पुढे कोणाच्या हातात जाईल हे माझ्या डोक्यात आलं नाही, आणि एकतीस वर्षं मी नोंदी लिहिल्या आहेत, माझ्या डोक्यात ते यायला हवं होतं. वॉर्डात एक आकडा चुकला तर मी नव्या पोरींना फाडून खायची. सांगायची, कागदावर लिहिलेलं बाळ आणि खाटेवरचं बाळ एकच पाहिजे, नाहीतर उद्या खाटेवरच्याला कोणी विचारणार नाही.

उद्या मुदत संपते. मी जाणार आहे, पण कशासाठी ते मला सांगता यायचं नाही.

आई


२० मार्च

ढब्बू,

आज मत देऊन आले.

शाळेत रांग होती. भूगोलाचे नकाशे तसेच भिंतीवर होते. टेबलावर यादी, आणि यादी बघणाऱ्याने माझं नाव शोधायला बोट ठेवलं तेव्हा ते तुझ्या ओळीवरून घसरत गेलं. मी म्हटलं, "त्याच्या खाली नाही, वर." तो म्हणाला, "हो हो, आजी, दिसलं." तुझ्या ओळीवर त्याची नजर क्षणभरही थांबली नाही. का थांबावी? त्या पानावर आणखी सहा रेघा होत्या.

प्रश्न एकच छापला होता. नव्वद दिवसांची मुदत काढून टाकावी का? हो, नाहीतर नको. इतक्या साध्या भाषेत की कोणालाही कळावं. मुदत काढून टाकायची म्हणजे माणसाला सोडायची तारीखच काढून टाकायची, हे मात्र कुठे लिहिलं नव्हतं.

पडदा जाड होता. आत एक फळी आणि दोरीला बांधलेला पेन. मी आत गेले आणि मला एकदम आठवण झाली ती लेबर रूमच्या दाराची. इथे सरकार नाही, फक्त मी. खरंच सांगते, सगळ्या गावात तेवढीच एक हातभर जागा उरली आहे जिथे कोणी विचारत नाही कुठे, कोणाकडे, कोणत्या कामासाठी. मला तिथून बाहेर पडावंसंच वाटेना. बाहेरून आवाज आला, "आजी, झालं का?" मी म्हटलं, "थांबा, बाळंतपणाला घाई चालत नाही." रांग हसली.

माझं मत माझं आहे, आणि कोणी विचारलं तर मी सांगणार नाही, तू विचारलंस तरी. पण तू विचारलेलं नाहीस, म्हणून सांगते. नको. इतक्या जोरात खूण केली की कागद फळीवर फाटला. नवा मागायला गेले, तर म्हणाले, एकदाच मिळतो. मग तसाच घडी घालून टाकला. फाटका कागद धरतात की बाद करतात, कोणाला विचारायचं?

तुझं धरून आपल्या घरात दोन 'नको' होते. एकावर रेघ आणि एक फाटका.

आई


२४ मार्च

ढब्बू,

हो जिंकलं. फार मोठ्या फरकाने नाही, पण मोजायला काही उरलं नाही एवढ्या फरकाने. शिंपीकाका दुपारी चहा प्यायला आले आणि बराच वेळ कपातच बघत होते. म्हणाले, "सिस्टर, मी हो म्हटलं. सगळे म्हणत होते चोऱ्या कमी होतील." मी काय बोलणार? छप्पर दुरुस्त केलं म्हणून मत देणारी मीच. मी त्यांना आणखी साखर विचारली.

एप्रिलच्या तेवीस तारखेला तुझे नव्वद दिवस भरत होते. मी कॅलेंडरवर गोल केला होता. तो आता काय करायचा, पुसायचा की ठेवायचा, ते वकीलीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ठेवा." का, ते त्यांनी सांगितलं नाही. यादीही पाच वर्षं आता हलणार नाही म्हणाल्या.

काळा चष्मा पोस्टाने आला. मोठा होतो आहे, नाकावरून घसरतो. तुला माझ्या तोंडाचं माप कधीच आलं नाही. मी तो घालूनच बसते. यादीवाली पोर, तिला सध्या घरी बसवलंय, संध्याकाळी येते आणि दांडीला मागून दोरा बांधून देते. मी तिच्यासमोर तो शब्द उच्चारत नाही. कोणासमोरच नाही. चाळीस वर्षं जिभेवर बसलेला शब्द सोडणं सोपं नाही, दूध उतू गेलं तरी तोच तोंडात येतो. पण दात आवळून गिळते.

आई


२३ एप्रिल

चिरंजीव ढब्बू यास,

आज वर चिरंजीव पूर्ण लिहिलं. मधल्या पत्रांत तो शब्द सुटला होता, माझा हातच पुढे जाईना. आज जातो आहे, कारण सांगते.

सकाळपासून मी गॅलरीत होते. तारीख भरली म्हणून सोडणार नाहीत हे मला समजतं, पण कॅलेंडरवरच्या गोलाला ते समजत नाही. दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. मी उचलला, पलीकडून काही नाही. नुसता श्वास. मागे कुठेतरी लोखंडी दार आपटल्याचा आवाज, आणि कोणीतरी हळूच म्हणत होतं, लवकर आटप.

एकतीस वर्षं मी श्वास ऐकले आहेत. कोणाचा ते मला सांगावं लागत नाही.

दात आवळलेले होते, तरी सुटलाच शब्द. मी म्हटलं, "मेल्या, तूच ना रे?"

मग तू म्हणालास, "मेलो नाही."

एवढंच. आणि रडलास. सदतीस वर्षांचा, क्रेन चालवणारा, जन्मलास तेव्हा रडलास तसाच, मोठ्याने, कोणाची पर्वा न करता. मी तुला गप्प केलं नाही. माझी मान आपोआप घड्याळाकडे वळली. एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने मी पेन शोधून कॅलेंडरवर, त्या गोलाच्या आत लिहिलं. मुलगा. रडला. चार वाजून वीस मिनिटं. खाली सही केली. मग फोन तुटला.

तसंच कॅलेंडरचं पान फाडून यादीच्या कचेरीत गेले. पायाकडून जन्मलेल्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. बराच वेळ वाचत होता. एवढी एक ओळ वाचायला कितीसा वेळ लागतो? मग फाइल उघडून त्याने जुना फॉर्म बाहेर काढला आणि पानाशेजारी ठेवला. म्हणाला, "सिस्टर, दोन्हीकडे सही तुमचीच आहे. मी कुठली धरू?"

पान परत घेऊन घरी आले. डब्यात बिल्ल्याखाली ठेवलंय.

आता ऊन उतरलंय आणि मी पुन्हा गॅलरीत आहे. फोन मांडीवर आहे. खाली पोरं खेळताहेत, त्यांच्या आया त्यांना हाका मारताहेत. लहानपणी तू एका दमात दोन्ही बोलायचास, ढब्बू. मेलो नाही, आलो. आज तू पहिलं बोललास. मी ऐकलं, वेळ लिहून घेतली, सही केली. दुसरं तू बोलला नाहीस.

तुझी,
आई